वारसाने आलेला ट्रॅक्टर विकताना

नमस्कार श्रोतेहो. घरातला कर्ता माणूस गेल्यावर जमिनीची वाटणी कशी करावी, हे आपल्याकडे चारचौघे न विचारता सांगतात. परंतु गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या त्याच्या जुन्या ट्रॅक्टरचे काय करावे, हे कोणी सांगत नाही, आणि मग एखाद्या सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात येऊन उभा राहतो. आज मला त्या ट्रॅक्टरविषयी बोलायचे आहे.

माझ्या मामांकडे १९७४ सालचा बी-२७५ होता. महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ मध्ये ट्रॅक्टरची कंपनी काढली आणि १९६५ पासून मुंबईत कांदिवलीच्या कारखान्यातून हे ३५ अश्वशक्तीचे ट्रॅक्टर बाहेर पडू लागले. मामा गेले, तेव्हा त्यांचा ट्रॅक्टर चालू स्थितीत होता. थोरला मामेभाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाकू, लोखंडाचे ४० हजार येतात. धाकट्याला ते पटले नाही. त्याने तालुक्याहून लाल रंगाचे डबे आणले आणि बॉनेटपासून मडगार्डपर्यंत, इतकेच नव्हे तर चासी नंबरच्या पट्टीवरूनसुद्धा, मन लावून ब्रश फिरवला.

पहिले गिऱ्हाईक आले, त्याने बॉनेटवर बोट ओढले, रंगाखाली काय झाकले आहे असे विचारले आणि चहा न घेता निघून गेले. दुसऱ्याने नंबरची पट्टी वाचता येत नाही म्हणून बोलणेच थांबवले. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या तालुक्यातले एक वयस्कर मिस्त्री. त्यांनी आदल्या दिवशी फोन करून सांगितले होते की, मी सकाळी सहाला येतो, तोवर इंजिन चालू करू नका. थोरल्याला रात्रभर चैन पडले नाही. ऐन वेळी चालू झाला नाही तर काय, या धास्तीने त्याने पाच वाजताच दहा मिनिटे इंजिन फिरवून ठेवले. मिस्त्री आले, कोणाशी न बोलता त्यांनी इंजिनवर तळहात टेकवला, आणि म्हणाले, “पाहुणं, मी उद्या येतो.”

ते खरोखरच दुसऱ्या दिवशी आले. थंड इंजिन तिसऱ्या प्रयत्नाला चालू झाले, क्षणभर काळा धूर आला आणि मग निवळला. त्यांनी ऑइलचे झाकण उघडून तिथून धूर येतो का ते पाहिले, नांगर हायड्रोलिकवर उचलून इंजिन बंद केले आणि पाव तास तो खाली बसतो का याची वाट पाहिली. मग रॉकेलचा बोळा आणि जुने नाणे घेऊन धाकट्याचा रंग खरवडला व चासी नंबर आरसी बुकाशी ताडून पाहिला. शेवटी त्यांनी विचारले, “मालकांनी काही लिहून ठेवलंय का?” मामीने ट्रंकेतून एक वही आणून दिली. १९७४ पासून ऑइल कधी बदलले, फिल्टर कधी बदलला, टायरची जोडी केव्हा घेतली, कोणाच्या शेतात किती तास नांगरट केली, असे सगळे मामांनी त्यात लिहिले होते. मिस्त्री अर्धा तास ती वही वाचत बसले. चहा गार झाला. मग त्यांनी ९५ हजारांचा आकडा सांगितला.

म्हणून सांगतो, विकण्यापूर्वी जुन्या ट्रॅक्टरला रंग लावू नका. उन्हाने उडालेला मूळ रंग घेणाऱ्याला खरे सांगतो, आणि ताजा रंग त्याच्या मनात शंका उभी करतो.   

किमतीचा दुसरा अर्धा भाग कागदात असतो, आणि आमचे घोडे तिथेच अडले. आरसी बुक मामांच्याच नावावर होते. गेलेल्या माणसाच्या नावावरून थेट गिऱ्हाइकाच्या नावावर वाहन जात नाही. आधी ते वारसाच्या नावावर यावे लागते. मालक गेल्यापासून ३० दिवसांत आरटीओला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरावा, असा नियम आहे. पुन्हा सांगतो, फॉर्म ३१. बाकीच्या वारसांची संमती लेखी घ्यावी. त्यानंतर विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. नोंदणी १५ वर्षांची असते व पुढे दर पाच वर्षांनी वाढवावी लागते. मामांनी ती न चुकता वाढवली होती, म्हणून निभावले. ज्यांच्या घरी वडीलधारे हयात आहेत, त्यांनी आरसी बुकात वारसाचे नाव नामनिर्देशित म्हणून आत्ताच लावून घ्यावे. २०२१ पासून ती सोय झाली आहे.

आणि सातबारा जरूर पाहावा. मामांनी ट्रॅक्टरचे कर्ज कधीच फेडले होते, तरी इतर हक्काच्या रकान्यात बँकेचा बोजा तसाच होता. तो पाहून मिस्त्रींना आरसीवरही बँकेचे नाव असेल अशी शंका आली, आणि ते तिथेही निघाले. बँकेचा नाहरकत दाखला, आरसीवरून बँकेचे नाव काढण्याचा फॉर्म ३५ आणि तलाठ्याकडचे हेलपाटे यांत दोन महिने गेले. मिस्त्री थांबले, दुसरा कोणी थांबला नसता.

ट्रॅक्टर न्यायला ते आले, तेव्हा त्यांनी वहीही मागितली. मामीने ती पदराखाली धरली आणि देणार नाही म्हणाली. मिस्त्रींनी थोडा विचार केला आणि सांगितले की, मग पाच हजार कमी होतील. मामीने थोरल्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “होऊ द्या,” म्हणाली, आणि ९० हजार मोजून घेतले.