टोक्यो स्टोरी: आईवडिलांना ठेवायचं कुठे?

सन १९५३. ओनोमिची, समुद्राकाठचं गाव. सत्तरीच्या घरातलं एक जोडपं सामान बांधतंय, हवेची उशी नक्की कोणाकडे ठेवली यावरून दोघांची बारीकशी कुरबुर चाललीये. मुलांकडे टोक्योला निघालेत. बाबा शुकिची, आई तोमी. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूच्या 'टोक्यो स्टोरी' या सिनेमाची ही सुरुवात, आणि खरं सांगायचं तर कथा म्हणून पुढे फार काही घडतच नाही.

थोरला कोइची डॉक्टर आहे. डॉक्टर म्हटलं की आपल्याला वाटतं मोठा बंगला असेल, पण शहराच्या टोकाला असलेलं त्याचं छोटंसं घर आणि तिथेच दवाखाना. आजीआजोबा येणार म्हणून नातवाचं अभ्यासाचं टेबल उचलून पॅसेजमधे ठेवलंय आणि तो पोरगा आईशी भांडतोय, मी परीक्षेचा अभ्यास कुठे करू. हा सीन नीट बघा, कारण पुढचा अख्खा सिनेमा या टेबलात आहे. या घरात कोणी वाईट नाहीये, जागा नाहीये. रविवारी सगळ्यांनी फिरायला जायचं ठरतं, कपडे घालून तयार होतात आणि तेवढ्यात एका आजारी मुलाकडून बोलावणं येतं, मग डॉक्टर जाणार नाही तर काय करणार?

मुलगी शिगे ब्युटी पार्लर चालवते. नवऱ्याने सासूसासऱ्यांसाठी चांगली मिठाई आणली तर म्हणते एवढी महागाची कशाला. गिऱ्हाईक विचारतं हे कोण, तर सांगते गावाकडचे ओळखीचे आहेत. ऐकून पोटात कालवतं. पुढे भाऊबहीण पैसे काढून आईवडिलांना अटामीला पाठवतात, गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण, तिथे रात्रभर तरुण मंडळींचा दंगा, गाणी, माहजाँग नावाचा सोंगट्यांचा खेळ, यांना झोपच नाही. दोघं लवकर परत येतात तर शिगेकडे नेमकी त्याच संध्याकाळी मीटिंग. मग ती दोघं उएनो पार्कात बसून विचार करतात की आता रात्र काढायची कुठे, आणि आपण बेघर झालो म्हणून हसतातसुद्धा.

बघणारे बहुतेक जण शिगेवर चिडतात. मला मात्र ओझू तिच्यावर चिडलेला कुठेच दिसत नाही. ती सकाळपासून उभ्याने काम करणारी बाई आहे, आणि ज्या जगात तिचे आईवडील वाढले ते जग कागदावरसुद्धा उरलेलं नाही. १८९८ च्या कायद्यात जपानी घराला एक कुटुंबप्रमुख असायचा, लग्नाला त्याची परवानगी लागायची, घर आणि मालमत्ता साधारण थोरल्या मुलाकडे जायची आणि त्याबरोबर म्हाताऱ्यांची जबाबदारीही. युद्ध हरल्यावर नवीन संविधान आलं, १९४७ मधे हा कायदा बदलला, वारसाहक्क सगळ्या मुलांना सारखा. सिनेमात कायद्याबद्दल चकार शब्द नाही, पण आईबाबा या घरातून त्या घरात फिरतायत ते बघताना कळतं की आता ते नक्की कोणाचे, हे कोणालाच ठाऊक नाही.

आणि मग नोरिको. दुसरा मुलगा शोजी युद्धात गेला त्याला आठ वर्षं झालीत, ही त्याची विधवा, ऑफिसात नोकरी करते, एका खोलीत राहते. रजा काढून सासूसासऱ्यांना बसने टोक्यो दाखवते. घरी साके, म्हणजे तांदळाची दारू, नसते, तर शेजारणीकडून साके मागून आणते, प्यायची भांडीसुद्धा तिच्याकडचीच. नोरिकोचं काम करणारी सेत्सुको हारा या सीनमधे शेजारणीच्या दारात ज्या हसऱ्या घाईने उभी राहते ना, तेवढं बघायला मी हा सिनेमा परत लावतो. जुन्या कायद्याने ती या घराला बांधलेली राहिली असती, पण आता सासू स्वतःच तिला म्हणते, बाळा, दुसरं लग्न कर. गावी परतल्यावर तोमी वारते, आणि अंत्यविधीनंतर जेवता जेवताच शिगे आईचे किमोनो मागते, आणि नोरिको मात्र सासऱ्यांसाठी मागे थांबते. रक्ताच्या मुलांपेक्षा तूच जास्त केलंस, असं सासरे म्हणतात तेव्हा ती रडत सांगते, मी तेवढी चांगली नाहीये, हल्ली काही दिवस तर शोजीची आठवणही येत नाही. तिला देवी बनवून ओझू सुटला असता. त्याने तसं केलं नाही.

नऊ वर्षांनी, १९६२ मधे, 'ॲन ऑटम आफ्टरनून' हा त्याचा शेवटचा सिनेमा आला. बापाच्या भूमिकेत पुन्हा चिशू र्‍यू. पण आता कोणी म्हाताऱ्यांना ठेवायचं कुठे असं विचारत नाहीये. लग्न झालेला मुलगा बापाकडे येतो आणि फ्रिज घ्यायला उसने पैसे मागतो, फ्रिजच्या किमतीपेक्षा थोडे जास्तच, कारण त्याला गोल्फचे क्लबही घ्यायचेत. बाप देतो.