नवा मास्टर सिलिंडर आणि मऊ पेडल

नमस्कार श्रोतेहो. ट्रकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप, बदलला, टाकीत ब्रेक ऑइल भरलं, हौसेनं पेडल दाबलं आणि पाय थेट तळाला टेकला. गॅरेजमध्ये हे नेहमीचं. मग नव्या पार्टला नावं ठेवली जातात. तो बिचारा बहुधा ठणठणीत असतो, फक्त त्याच्या पोटात हवा असते.

मी बोलतोय ते ऑइलवर चालणाऱ्या ब्रेकबद्दल, म्हणजे पिकअप आणि छोट्या ट्रकबद्दल. अवजड ट्रकचे ब्रेक कॉम्प्रेसरच्या हवेवरच चालतात, त्यांचा संसार निराळा. आपल्याकडे पायाचा जोर ऑइल चाकापर्यंत नेतं, कारण ते दाबून चेपत नाही. हवा चेपते. पाइपात चार बुडबुडे राहिले तरी तुमचा जोर आधी त्यांच्यावर खर्च होतो आणि चाक घासून थांबवणारे लायनर जागचे हलत नाहीत.

म्हणून सिलिंडर गाडीवर चढवण्याआधीच त्याची हवा काढा. व्हाइसमध्ये तो बोल्टच्या कानाला धरून, अगदी आडवा पकडा. नळकांड्याला आवळू नका. दोन्ही आउटलेटना छोट्या नळ्या लावा आणि त्यांची टोकं टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. आता बोथट दांड्यानं पिस्टन हळू आत ढकला, हळू सोडा, पंधरा सेकंद थांबा, पुन्हा ढकला. सुरुवातीला बुडबुड्यांची माळच निघते, मग एखाददुसरा येतो, मग नुसतं स्वच्छ ऑइल. घाईनं मारलेला पंप हवेचा फेस करतो, आणि फेसातली हवा लवकर सुटत नाही.

एकदा मी हे टाळलं होतं. सकाळपासून दुपारपर्यंत चारही चाकांपाशी लोळलो, पेडल मऊ ते मऊच. शेवटी बॉनेटमध्ये नीट पाहिलं, तर सिलिंडर तोंड वर करून बसलेला. हवा वरच्या टोकाला जाऊन बसली होती, ती चाकाच्या निपलमधून, म्हणजे हवा काढायच्या छोट्या स्क्रूमधून, कशी येणार? मग पुढच्या चाकांना ठोकळे लावले, मागच्या ॲक्सलखाली जॅक देऊन सिलिंडर आडवा होईपर्यंत ट्रक उचलला, टाकीचं झाकण काढलं आणि पेडल अगदी थोडं थोडं दाबत राहिलो. टाकीत बारीक बुडबुडे वर आले. सकाळ फुकट गेल्याचं तेव्हा कळलं!

जॅक ॲक्सलखालीच लावा, चासीखाली नको. बऱ्याच ट्रकना मागे लोडनुसार ब्रेक कमीजास्त करणारा व्हॉल्व्ह असतो. ॲक्सल लोंबकळला की गाडी रिकामी आहे असं त्याला वाटतं आणि तो मागचं ऑइल अडवतो.

चाकांची हवा काढताना साधारणपणे सर्वांत लांब पाइपचं चाक आधी घेतात, पण गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. एकानं पेडलवर बसायचं, दुसऱ्यानं निपलवर. "दाब", "धरून ठेव", मग निपल उघडायचा, ऑइल आलं की बंद करायचा, आणि त्यानंतरच "सोड" म्हणायचं. "सोड" आधी म्हटलं की हवा उलटी आत ओढली गेलीच. दर पाच-सहा पंपांनी टाकी बघा. ती एकदा कोरडी पडली की सगळं पहिल्यापासून. एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असेल तर काही गाड्यांना स्कॅनरही लागतो.

ऑइल झाकणावर लिहिलेलंच घाला. डॉट 4 या दर्जाच्या ऑइलचा किमान उत्कलनबिंदू नवा असताना 230 अंश असतो, पाणी शोषलं की ती मर्यादा 155 वर येते. म्हणून बाटलीत उरलेलं जुनं ऑइल वापरू नका, निपलमधून निघालेलं तर नाहीच. रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, ते रंग खातं.

आता इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरा. ते हळूहळू खाली बसत असेल तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर सिलिंडरच्या आतले सील दाब धरत नाहीत. दुसऱ्या पंपाला वर येत असेल तर हवा अजून आहे, किंवा मागचे ड्रम सैल आहेत, तेही ॲडजस्ट करा. पेडल कडक आलं की इंजिन चालू करा. पाय किंचित खाली जाऊन थांबला तर बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, चालू आहे. मग मोकळ्या मैदानात अगदी हळू गाडी चालवून पाहा, आणि परत आल्यावर प्रत्येक निपलखाली बोट फिरवा. ते कोरडं निघालं की रबरी टोप्या लावून टाका.