पाव मैल, शनिवारची रात्र

(दृश्य : संध्याकाळ. रिकामं फुटबॉलचं मैदान, भोवती डांबराचा काळा पट्टा.)

शाळेच्या क्रीडादिनाला चारशे मीटरची शर्यत जिथे व्हायची, ते मैदान आठवा. चुन्याने आखलेल्या पट्ट्या, मध्ये गवत. आता तेवढ्याच मापाच्या डांबरी कड्यात वीसेक गाड्या एकदम सोडल्यात, असं डोळ्यांसमोर आणा.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात विन्स्टन-सेलम नावाचं शहर आहे. तिथल्या बोमन ग्रे स्टेडियमवर उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री हेच चालतं. १९४९ पासून.

शहर तंबाखूचं. विन्स्टन आणि सेलम या सिगारेटींची नावं या शहरावरूनच पडली, आणि स्टेडियमला नावही एका तंबाखू कंपनीच्या प्रमुखाचं. ते उघडलं १९३८ साली. अकरा वर्षांनी बिल फ्रान्स आणि अल्विन हॉकिन्स या दोघांनी तिथे गाड्यांच्या शर्यती सुरू केल्या. स्टॉक कारच्या शर्यती भरवणारी फ्रान्स यांची नॅसकार ही संस्था तेव्हा जेमतेम वर्षाची होती. स्टॉक कार म्हणजे मुळात शोरूममधून बाहेर पडलेली साधी गाडी. ती जीव तोडून कशी पळवायची, हे इथल्या डोंगरातल्या पोरांना कुणी शिकवावं लागलं नाही. हातभट्टीची दारू रातोरात शहरात पोचवताना, मागे पोलीस लागलेले असताना, ती ते शिकली होती.

(दृश्य : गाड्या पहिल्या वळणात शिरतात. इंजिनांचा आवाज चढतो.)

गाड्या प्रदक्षिणेच्या उलट फिरतात. सारखं डावं वळण. मोठ्या ट्रॅकवर वळणाला उतार दिलेला असतो, डेटोनाला तर चांगला ३१ अंशांचा. तो उतार गाडीला सावरून धरतो. बोमन ग्रेचं वळण सपाट आहे, आपल्या गल्लीतल्या रस्त्यासारखं. इथे गाडीला धरून ठेवणारी फक्त टायरची पकड.

म्हणून आतली कड ज्याच्या हाती, तो पुढे. बाहेरून काढायला गेलात तर अंतर वाढतं आणि चाकं घसरतात. मग पुढच्याला मागे टाकायचं कसं? त्याला जागेवरून हलवायचं. मागून बंपर टेकवायचा, त्याची गाडी वीतभर बाहेर सरकली की त्या फटीत नाक घालायचं. हा टेका किती द्यायचा, यात सगळं कसब आहे. जरा कमी पडला तर उपयोग नाही, जरा जास्त झाला तर समोरचा गरकन फिरून मैदानात जातो, आणि पुढच्या शनिवारी तो तुमच्या मागे असतो.

इथली मुख्य गाडी मॉडिफाइड. जवळून बघा. बुटकी, पसरट, आणि चारही चाकं अंगाबाहेर उघडी. त्यांच्यावर मडगार्ड नाही. टायर रुंद आणि गुळगुळीत, नक्षी नसलेला. दोन गाड्यांची चाकं एकमेकांना घासली की एक गाडी दुसरीच्या चाकावर चढू शकते. हे ठाऊक असूनही ही माणसं हातभर अंतरावरून वळण घेतात.

या जागेला लोक मॅडहाउस म्हणतात, म्हणजे वेड्यांचं घर. प्रेक्षकांचा ज्याचा त्याचा ड्रायव्हर ठरलेला असतो, आणि ज्याच्यावर ओरडायचं तोही. आपल्याकडे तालमीचं नाव घरात चालत येतं, तशी इथे शर्यत चालत येते.

मायर्स घराण्याचंच बघा. बिली आणि बॉबी हे दोघे भाऊ इथले लाडके. १९५७ साली डार्लिंग्टनच्या शर्यतीत बॉबी गेले. पुढच्याच वर्षी, बोमन ग्रेवर शर्यत चालू असताना बिलींना हृदयविकाराचा झटका आला आणि तेही गेले. दोन भावांच्या नावाने इथे शर्यत भरू लागली. आणि बिलींचा नातू बर्ट आज त्याच कड्यात गाडी घालतो. आजोबा जिथे गेले, त्या डांबरावर दर शनिवारी. मला हे सांगताना अजून भरून येतं.

(दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

नॅसकारची सर्वोच्च मालिकाही एकेकाळी इथे यायची. नामांकित ड्रायव्हर रिचर्ड पेटी यांनी आपला शंभरावा विजय १९६९ मध्ये इथेच मिळवला. शेवटची शर्यत झाली ६ ऑगस्ट १९७१ ला. त्या मोसमात छोट्या ट्रॅकवर गाड्या कमी पडत होत्या, म्हणून धाकट्या वर्गातल्या गाड्यांनाही सोबत उतरवलं गेलं. बॉबी अ‍ॅलिसन हे ड्रायव्हर तसलीच एक गाडी, मस्टँग, घेऊन आले आणि पेटींच्या पुढे राहून जिंकले.

पण नोंदवहीत विजेत्याची जागा कोरी राहिली. गाडी वेगळ्या वर्गाची, म्हणून हा विजय मालिकेत धरला नाही. त्याच मोसमात टायनी लंड यांनी तशाच गाडीतून मिळवलेले दोन विजय मात्र धरले गेले. अ‍ॅलिसन यांच्या खात्यावर ८४ विजय राहिले. ते ८५ आहेत, असं ते आयुष्यभर सांगत आले.

नॅसकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो विजय मान्य केला. त्रेपन्न वर्षांनी. ९ नोव्हेंबरला अ‍ॅलिसन वारले. जेमतेम का होईना, त्यांच्या हयातीत झालं.

(दृश्य : फेब्रुवारी २०२५. भरलेलं स्टेडियम.)

नंतर तीनच महिन्यांत ती मोठी मालिका बोमन ग्रेवर परत आली, हंगामापूर्वीच्या क्लॅश शर्यतीसाठी. देशभर नावाजलेले ड्रायव्हर या पाव मैलात उतरले. त्यांच्यात दोघे घरचे होते. एक बर्ट मायर्स. दुसरे टिम ब्राउन, मॉडिफाइडमध्ये इथे शंभराहून जास्त शर्यती जिंकलेले. पन्नाशी ओलांडलेले ब्राउन पोटापाण्यासाठी एका मोठ्या संघाच्या कार्यशाळेत गाड्यांवर काम करतात. त्या रात्री ते जी गाडी चालवत होते, तिला त्यांचेच हात लागलेले होते.

दोघांनाही मुख्य शर्यत गाठता आली नाही. ती चेस एलियट यांनी जिंकली. मोठे संघ आपापले ट्रक भरून निघून गेले.

एप्रिलमध्ये पुन्हा शनिवार सुरू झाले.