नेनच्या पुढे डिझेल नाही

[दृश्य : नेनचा धक्का. सकाळ. नरसाळ्यातून टाकीत पडणारं डिझेल.]

नरसाळ्याला बारीक जाळी आहे. ड्रममधलं डिझेल तिच्यातून सावकाश उतरतं आणि तळाशी पाण्याचे दोन-चार थेंब मागे राहतात. तेवढे थेंबही नको त्या वेळी इंजिन बंद पाडू शकतात. म्हणून इथे कोणी घाई करत नाही.

हे नेन. कॅनडाच्या पूर्व टोकाला, लॅब्रॅडॉरच्या किनाऱ्यावरचं उत्तरेकडचं शेवटचं गाव. वस्ती हजाराच्या आसपास, बहुतेक इनुइट, म्हणजे या उत्तर प्रदेशातले मूळ रहिवासी. बाहेरून इथे यायला रस्ता नाही. विमान, नाहीतर उन्हाळ्यात बोट. २००५ पासून हा भाग नुनात्सियावुत या इनुइट स्वशासनाखाली आहे. इथून केप चिडलीपर्यंत, म्हणजे लॅब्रॅडॉर जिथे संपतो तिथपर्यंत, सरळ रेषेतही साडेचारशे किलोमीटर भरतात. आणि त्या सगळ्या वाटेवर इंधनाचा एकही पंप नाही.

आमची बोट नऊ मीटरची, एका डिझेल इंजिनाची. सहा-सात नॉटच्या, म्हणजे तासाला अकरा ते तेरा किलोमीटरच्या वेगाने ती निमूटपणे चालते. त्याहून पळवायला गेलं, तर ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढू बघते, डिझेल पाण्यासारखं जातं आणि वेग मात्र वाढतो जेमतेम. तासाला सहा लिटर धरले, तरी जाऊन यायला चारशे-साडेचारशे लिटर लागतात, तेही नाकासमोर गेलं तर. पण फ्योर्डमध्ये, म्हणजे कड्यांमध्ये आत शिरलेल्या अरुंद खाडीत, वळावं लागतं, बर्फाला वळसा घालावा लागतो, वाऱ्यापायी मागे फिरावं लागतं. म्हणून तिसरा हिस्सा राखीव ठेवायचा. साडेसहाशे लिटर. टाकीत मावत नाही ते मागच्या डेकवर, ड्रममध्ये, दोरखंडाने करकचून बांधलेलं.

[दृश्य : सागरी नकाशा. मधोमध आकड्यांची एकच रांग, दोन्ही बाजूंना कोरा कागद.]

आता हा नकाशा बघा. हे आकडे खोलीचे. पूर्वी कधीतरी एक जहाज इथून गेलं, त्याने आपल्या वाटेपुरती खोली मोजली. त्या रांगेच्या डाव्या-उजव्या हाताला काय आहे ते कागदाला माहीत नाही. नेनच्या माणसांना माहीत आहे. कॅरिबू हरणांसाठी, सीलसाठी, 'आर्क्टिक चार' नावाच्या माशासाठी ती उघड्या स्पीडबोटींतून या पाण्यात जन्मभर फिरलेली असतात. धक्क्यावर कोणीतरी तुमच्या नकाशावर पेन्सिलने फुली मारतो आणि म्हणतो, ओहोटीला हा खडक वर येतो. माझ्या मते महागड्या यंत्रांपेक्षा त्या पेन्सिलीवर जास्त भरवसा ठेवावा.

जुलै अर्धा सरेपर्यंत किनाऱ्याला गोठलेला समुद्र चिकटून असू शकतो. सप्टेंबर उलटला की वादळं. मधले काही आठवडे आपले. त्यातही बर्फ असतोच, फक्त जात बदलते. हे हिमनग इथले नाहीत. बहुतेक ग्रीनलंडच्या पश्चिमेच्या हिमनद्यांपासून तुटतात, बॅफिन उपसागरात रेंगाळतात आणि लॅब्रॅडॉर प्रवाहाबरोबर दक्षिणेला येतात. मोठा हिमनग रडारवर दिसतो, त्याची भीती नाही. तो अचानक कलंडतो, म्हणून त्याच्या लांबीइतकं किंवा उंचीच्या दुप्पट, यातलं जे जास्त तेवढं अंतर सोडायचं. खरी भीती त्याच्यापासून सुटलेल्या ढेकळांची. मोटारीएवढा तुकडा, जवळजवळ सगळा पाण्याखाली, वर काचेसारखी निथळती पाठ. लाटांत तो रडारला दिसत नाही. पुढे एक माणूस डोळ्यांत तेल घालून बसवावा लागतो.

पाणी उन्हाळ्यातही काही अंशांपलीकडे तापत नाही. बोटीवरून पडलेल्या माणसाचा हिशेब कॅनडात एक-दहा-एक असा सांगतात. पहिलं मिनिट नुसता श्वास ताळ्यावर आणायला, मग दहा मिनिटं हातपाय चालतात तोवर, आणि तासाभराने शुद्ध हरपते. बोटीत लाइफ जॅकेट उशाला घेऊन झोपण्याची वस्तू नाही, ते अंगातच हवं.

[दृश्य : काउमाजेट पर्वत. पाण्यातून उठलेले काळे कडे. मगफर्डची अरुंद सामुद्रधुनी.]

दोन दिशांनी उंच कडे वर जातात आणि मधून बोट जाते. सुंदर, यात वादच नाही. पण कॅमेरा वर बघत असतो तेव्हा सुकाणूवरचा माणूस खोलीचा आकडा बघत असतो. या कड्यांजवळ नांगर टाकायचा म्हटलं तर पंचाईत. काठापासून दोन बोटींच्या अंतरावरही तळ लागत नाही, आणि लागलाच तर त्यावर केल्प. हे शेवाळ इतकं जाड की नांगर त्यात रुततच नाही, गवताच्या भाऱ्यासारखं ते वर घेऊन येतो. पुन्हा टाका. खोलीच्या पाचपट साखळी सोडा आणि मग रात्रभर कान उघडे ठेवून झोपा.

याच टप्प्यात ओकाक लागतं. १७७६ मध्ये मोरेवियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी इथे ठाणं उभारलं आणि त्याभोवती मोठी इनुइट वस्ती झाली. १९१८ च्या शरद ऋतूत मिशनचं 'हार्मनी' जहाज सामान घेऊन आलं आणि त्याच्याबरोबर इन्फ्लुएन्झा आला. काही आठवड्यांत गावातली तीन-चतुर्थांशाहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांनी गाव सोडलं. जवळच पुढे नुताक वसलं. तेही १९५६ मध्ये सरकारने बंद केलं.

या किनाऱ्याला सगळेच निर्मनुष्य म्हणतात. वाऱ्यापासून आडोसा मिळेल अशा जवळजवळ प्रत्येक खाडीत उतरून बघा. तंबूच्या कडेला दाबून ठेवलेल्या दगडांची वर्तुळं सापडतात, मातीच्या घरांचे खळगे सापडतात, थडगी सापडतात. बोट लावायला चांगली जागा आपल्याला आज जिथे वाटते, तिथेच ती हजारो वर्षांपूर्वीही कोणाला तरी वाटली होती.

[दृश्य : हेब्रन. झाड नसलेला उतार. लांबलचक पांढरी लाकडी इमारत.]

नापाकटोक उपसागरापाशी झाडं संपतात. त्याच्या उत्तरेला हेब्रन. ही इमारत पाहिली की माणूस चक्रावतो. आसपास लाकूड नाही, आणि इथे चर्च, राहण्याची घरं, दुकान, सगळं एका छपराखाली. मोरेवियनांनी १८३० च्या सुमारास हे ठाणं सुरू केलं. इमारतीचे भाग जर्मनीत तयार करून जहाजाने आणले. एका छपराखाली कशाला? हिवाळ्यात एकदा बाहेरच्या वाऱ्यात उभं राहिलं की हा प्रश्न पडत नाही.

इथूनच १८८० मध्ये अब्राहम उलरिकाब आपल्या कुटुंबासह युरोपला गेला. प्राणिसंग्रहालयांत लोकांसमोर 'दाखवण्यासाठी' नेलेल्या आठ इनुइटांपैकी तो एक. त्यांना देवीची लस वेळेवर टोचलीच नव्हती. काही महिन्यांत आठही जण देवीने गेले. अब्राहम इनुक्टिटुट या आपल्या भाषेत रोजनिशी लिहीत होता, म्हणून आपल्याला हे त्याच्या बाजूनेही कळतं.

आणि १९५९. ईस्टरच्या दिवसांत लोकांना चर्चमध्ये जमवून सांगितलं गेलं की हेब्रन बंद होणार. चर्चमध्ये वाद घालायचा नाही, हा तिथला रिवाज. सांगणाऱ्यांना तो ठाऊक होता की नव्हता, यावर काय बोलावं? त्याच वर्षी घरं रिकामी झाली. माणसं दक्षिणेला नेन, होपडेल, मकोविक इथे पांगवली गेली. तिथली चांगली शिकारीची आणि मासेमारीची ठिकाणं अर्थातच आधीच दुसऱ्यांची होती. प्रांताच्या सरकारने २००५ मध्ये जाहीर माफी मागितली. २००९ मध्ये इथे स्मारक उभं राहिलं, त्यावर माफीचा मजकूर कोरला आहे आणि लोकांचं उत्तरही.

[दृश्य : सॅगलेक फ्योर्ड. सपाट पाणी, मग एकाएकी पांढरं.]

सॅगलेकचा वारा सांगून येत नाही. पठारावरची थंड, जड हवा फ्योर्डच्या घळीत कोसळते आणि पाच मिनिटांपूर्वी आरशासारखं असलेलं पाणी फेसाळून उठतं. डिसेंबर १९४२ मध्ये एक अमेरिकी बी-२६ बॉम्बर विमान ग्रीनलंडहून परतताना इथे उतरलं. सातही जण वाचले. तिघं रबरी होडीतून मदत आणायला दक्षिणेला निघाले, ते पुन्हा दिसले नाहीत. उरलेले चौघे विमानात भुकेने आणि थंडीने गेले. हेब्रनची इनुइट वस्ती तिथून फार लांब नव्हती.

आज फ्योर्डच्या उत्तरेला टोर्नगाट राष्ट्रीय उद्यान आहे, ९,७०० चौरस किलोमीटर. ध्रुवीय अस्वलं किनाऱ्यालगतच वावरतात. म्हणून उतरताना सोबत इनुइट रक्षक असावा, असं उद्यानाचंच सांगणं आहे. तो सगळ्यात आधी उतरतो, आधी टेकडीकडे बघतो, मग पाण्याकडे. अस्वल पोहत येतं हे आपल्याला सुचत नाही, त्याला सुचतं.

अगदी टोकाजवळ मार्टिन उपसागर. ऑक्टोबर १९४३ मध्ये यू-५३७ ही जर्मन पाणबुडी इथे नांगर टाकून थांबली आणि नाझी नौदलासाठी स्वयंचलित हवामान केंद्र किनाऱ्यावर उभारून गेली. कोणी पाहिलंच तर फसावं म्हणून डब्यांवर 'कॅनेडियन मेटिऑर सर्व्हिस' असं लिहिलं होतं. असं खातं कॅनडात नव्हतंच. तरी ही थाप जवळपास चार दशकं कोणाच्या ध्यानात आली नाही. १९८१ मध्ये यंत्र सापडलं, आता ते ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहे. इतकी वर्षं ते लपून राहिलं. त्याच काळात हा किनारा माणसांपासून रिकामा करणं चालू होतं.

[दृश्य : मॅक्लेलन सामुद्रधुनी. पाण्यावर भोवरे.]

किलिनिक बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली ही फट. पलीकडे उंगावा उपसागर, जगातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी एक. ते सगळं पाणी या फटीतून ओढलं जातं, आणि ऐन जोरात सात नॉटच्या बोटीने त्यात नाक घालू नये. दोन प्रवाहांमधला थोडा निवांत वेळ साधावा लागतो. किलिनिकलाही वस्ती होती. १९७८ मध्ये तिथल्या लोकांना विमानाने हलवलं.

टाकीवरची पट्टी निम्म्याच्या किंचित वर आहे. राखीव ड्रम उघडायचा नाही असं ठरलेलं आहे, त्यामुळे फटीच्या तोंडाशी चर्चा होत नाही. बोट दक्षिणेला वळते. उन्हाळ्यात हेब्रनची कुटुंबं काही दिवस आपल्या गावी येतात. परवापर्यंत वारा असाच राहिला, तर ती तिथे भेटतील.