केबिन क्रू : नेमणूक दारासाठी असते

श्रोतेहो, नमस्कार.

२ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सच्या विमानाची धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या विमानाशी टक्कर झाली आणि त्याने पेट घेतला. केबिनमधील ध्वनिक्षेपण यंत्रणा बंद पडल्यामुळे केबिन क्रूने मेगाफोनवरून आणि ओरडून सूचना दिल्या, आठपैकी तीनच दारे सुरक्षित असल्याचे पाहून तेवढीच उघडली, त्यांतले मागचे दार तर कॉकपिटशी संपर्क तुटलेला असताना स्वतःच्या निर्णयावर उघडले, आणि त्या विमानातील सर्व ३७९ जण जिवंत बाहेर पडले. ज्यांना या क्षेत्रात करिअर करायचे आहे, त्यांनी आधी या बाजूने नोकरीकडे पाहावे, असे मला वाटते. जेवणाची ट्रॉली हा या कामाचा प्रवाशांना दिसणारा भाग आहे. नेमणूक मात्र दारासाठी असते.

मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी, निम्मी दारे बंद असतानाही सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर पडू शकतात, हे सिद्ध करावे लागते. म्हणूनच प्रशिक्षणात आग विझवणे, धुरातून वाट काढणे, पाण्यात तराफा उघडणे आणि हृदय बंद पडलेल्यावर उपचार करणे यांवर भर असतो आणि ठरावीक मुदतीने त्याची पुन्हा परीक्षा द्यावी लागते. १९३० साली पहिली स्टुअर्डेस म्हणून रुजू झालेल्या एलेन चर्च या प्रशिक्षित परिचारिका होत्या, हे इथे आठवते.

उड्डाणाच्या क्षणी जम्पसीटवर (दाराजवळच्या, क्रूसाठीच्या घडीच्या आसनावर) पट्टा बांधून शांत बसलेला कर्मचारी त्या वेळी मनात उजळणी करत असतो : माझे दार कोणते, ते उघडण्याआधी बाहेर काय पाहायचे, मदतीला जवळचा कोणता धडधाकट प्रवासी घ्यायचा. त्याआधी दार बंद झाल्यावर त्याची आपत्कालीन घसरगुंडी सज्ज केलेली असते आणि सहकाऱ्याने ते तपासलेले असते. मुक्कामी पोहोचल्यावर ती निष्क्रिय न करता आतून दार उघडले, तर घसरगुंडी काही सेकंदांत फुगून बाहेर पडते आणि विमानाचे पुढचे उड्डाण अडते. हसतमुख स्वभाव लागतोच, पण मला विचाराल तर या कामात शिस्तीचा कंटाळा न येणे अधिक मोलाचे आहे.

शरीराला मात्र किंमत मोजावी लागते. केबिनमधील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो, हवा अत्यंत कोरडी असते, आणि रोस्टरप्रमाणे (ड्युटीच्या वेळापत्रकाप्रमाणे) झोपेच्या वेळा सतत बदलतात. पगाराचा हिशेबही समजून घ्यायला हवा, कारण अनेक कंपन्यांत उड्डाण-तासांचा भत्ता विमान जागेवरून हलल्यानंतरच सुरू होतो आणि प्रवाशांना बसवण्यात किंवा विलंबात गेलेला वेळ त्यात धरला जात नाही. त्यामुळे करारावर सही करण्यापूर्वी स्टँडबायचे, म्हणजे बोलावणे येईल म्हणून तयार राहण्याचे, दिवस किती, त्यांचा मोबदला काय आणि दोन उड्डाणांमधली विश्रांती किती, हे लेखी मागून घ्यावे.