रिपोर्ट नॉर्मल आहे

(ईसीजीचा कागद, अगदी जवळून)

हा कागद नीट बघा. गुलाबी चौकोनांवरून धावणारी काळी रेघ. दोन शिखरांमध्ये मोठे अडीच चौकोन, म्हणजे मिनिटाला १२० ठोके. हृदय पळतंय, पण लय सुटलेली नाही. रेघेचे चढउतार जिथे हवेत तिथेच आहेत. कोपऱ्यात डॉक्टरांनी पेनाने लिहिलंय, नॉर्मल.

ही रेघ ज्यांची, त्यांचा चेहरा आणि नाव आम्ही दाखवणार नाही. त्या डोंबिवलीत राहतात. आपण त्यांना ताई म्हणू. छातीत दुखतंय, धडधडतंय म्हणून एका रात्री त्या कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात गेल्या, त्याचं चित्रीकरण अर्थातच नाही. पण फाइल आहे. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर. थर्मल कागदावरची अक्षरं आता फिकी पडत चाललीत.

हे सगळं तपासणं गरजेचंच होतं. छातीत पहिल्यांदा दुखतं तेव्हा ते हृदयाचं आहे की नाही हे घरी बसून ठरवायचं नसतं. थायरॉइड वाढला तरी धडधड होते, रक्त कमी असलं तरी होते. प्रश्न पुढचा आहे. रिपोर्ट नॉर्मल आल्यावर ताईंना सांगितलं गेलं, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका." आणि घरी पाठवलं. घरी सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, गॅस असेल.

(डोंबिवली स्टेशन, सकाळची गर्दी, लेडीज डबा)

जे झालं होतं त्याला नाव आहे, पॅनिक अटॅक. काही कारण दिसत नसताना भीतीची लाट उसळते आणि काही मिनिटांत टोकाला जाते. धडधड, घाम, थरथर, छातीत दुखणं, घशात आवळल्यासारखं होणं, हातापायांना मुंग्या, आजूबाजूचं सगळं खोटं वाटणं, आणि आता मी मरणार ही खात्री. असा झटका आयुष्यात एखाद्या वेळी पुष्कळांना येऊन जातो आणि विषय तिथेच संपतो. पण तो पुन्हापुन्हा अवचित येऊ लागला आणि त्यानंतर महिनाभर किंवा जास्त काळ "परत आला तर?" या धास्तीने माणूस वागणं बदलू लागला, तर तो पॅनिक डिसऑर्डर.

वागणं बदलणं म्हणजे काय ते या फलाटावर दिसतं. ताईंनी आधी फास्ट लोकल सोडली. फास्ट गाडी ठाण्यापर्यंत थांबली नाही तर उतरायचं कसं? मग स्लो. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा. दर थोड्या मिनिटांनी उतरायची सोय. मग दाराजवळची जागा मिळाली तरच चढायचं. मग बरोबर कुणी असलं तरच. पुढे फलाटावर यायचंच बंद झालं.

(ताईंची पर्स. पाण्याची बाटली, गोळ्यांची पट्टी, घड्या घातलेला ईसीजी)

नोकरी सुटली ती याच काळात.

(स्वयंपाकघराची खिडकी. इथे निवेदन नाही.)

(जुनं छायाचित्र: डॉ. जेकब मेंडेस दा कोस्टा)

हृदय ठीक असून छातीत धडधडणारी माणसं डॉक्टरांना नवी नाहीत. अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या डॉ. दा कोस्टांकडे असे सैनिक येत. छातीत दुखतंय, दम लागतोय, हृदय उडतंय, पण तपासणीत फारसं काही सापडत नाही. अशा ३०० हून जास्त रुग्णांवर त्यांनी १८७१ मध्ये लिहिलं. त्या सगळ्यांनाच पॅनिक होतं असं नव्हे, पण वर्णन वाचताना ताईंची फाइल आठवते. दा कोस्टांनी या तक्रारी खोट्या मानल्या नाहीत, हे मला महत्त्वाचं वाटतं.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कच्या हिलसाइड हॉस्पिटलमधली, १९५० च्या दशकाच्या अखेरची. तरुण मनोविकारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन तिथे इमिप्रामिन हे नवं औषध वापरून बघत होते. वॉर्डात काही रुग्ण असे होते की दिवसातून कितीदा तरी नर्सच्या टेबलाकडे धावत यायचे, मी मरतोय म्हणून. नर्स धीर द्यायची, थोड्या वेळाने ते परत जायचे. औषध सुरू होऊन काही आठवडे गेले तरी रुग्ण म्हणत, फरक नाही. डॉक्टरांनाही दिसेना. फरक दिसला नर्सना. ते धावत येणं थांबलं होतं! चिंता होतीच, झटके मात्र गेले होते. एरवीची काळजी वेगळी आणि हा झटका वेगळा, असं म्हणायला क्लाइनना इथे आधार मिळाला. पुढे १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात पॅनिक डिसऑर्डरला स्वतंत्र जागा मिळाली. श्रेय क्लाइनना मिळालं, ते योग्यच. पण निरीक्षण नर्सचं होतं.

(मानसशास्त्रज्ञांची खोली. ताईंचे हात, बोटाला ऑक्सिमीटर)

आता ही खोली. ताईंना क्लिनिकल सायकॉलॉजिस्टनी मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला सांगितलाय. बघा, बोटं आखडायला लागली. ओठांभोवती मुंग्या आल्यात. ताई म्हणतायत, हवा पुरत नाही. आणि बोटावरचा आकडा सांगतोय, ९९.

ऑक्सिजन भरपूर आहे. कमी झालाय तो कार्बन डायऑक्साइड. भराभर श्वासात तो गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकला जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गरगरतं. रक्ताची आम्लता घटते, त्यातलं मोकळं कॅल्शियम कमी होतं, म्हणून मुंग्या. म्हणजे ताईंना होतंय ते सगळं खरं आहे, फक्त त्याचा अर्थ "मी मरतेय" असा नाही. पण तो अर्थ मनात आला की अ‍ॅड्रिनलिन आणखी वाढतं, छाती आणखी धडधडते, आणि ती धडधड नवा पुरावा ठरते. हे चक्र १९८६ मध्ये ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी मांडलं. आजची उपचारपद्धती बरीचशी त्यावर उभी आहे.

(फिरती खुर्ची)

खुर्ची ऑफिसातलीच. ताईंना तीत बसवून मिनिटभर गोल फिरवतात. थांबल्या थांबल्या विचारतात, "ताई, चक्कर दहापैकी किती?"

"आठ."

"भीती?"

"नऊ. पडेन आता."

"बसून राहा. धरू नका."

...

"पडलात?"

"नाही."

"परत फिरायचं?"

हे आठवड्यामागून आठवडे चालतं. बारीक स्ट्रॉमधून श्वास घेणं, जागच्या जागी धावणं, जिना चढणं. जी संवेदना आली की पळायचं, तीच मुद्दाम आणायची आणि पळायचं नाही. बघायला गंमत वाटेल, पण हा तज्ज्ञांसमोर करायचा उपचार आहे. हृदयरोग, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारायचं. आणि सिनेमात दिसते ती कागदी पिशवी तोंडाला लावू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती घात करेल.

(फलाट. स्लो लोकल आत येतेय)

खोलीनंतर गाडी. डोंबिवली ते कोपर, एकच स्टेशन, आणि परत. दुपारची वेळ, डबा रिकामा. ते जमल्यावर दिवा. मग ठाणे. पर्समधला ईसीजी घरी ठेवून. मग पट्टीही घरी ठेवून.

त्या पट्टीबद्दल. तीत अल्प्राझोलम ही भीती शमवणारी गोळी. तिने लवकर बरं वाटतं, म्हणूनच तिची सवय लागते. डॉक्टर ती देतात ती बहुधा थोड्या दिवसांसाठी. रोज घेत असाल तर मनाने एकदम बंदही करू नका. पॅनिक डिसऑर्डरवर मुख्य औषधं वेगळी, एसिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनसारखी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुष्कळजण गोळी सोडून देतात. बरं वाटल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते.

ताई आता ठाण्यापर्यंत एकट्या जातात. झटका मध्ये एकदा आला, मुंब्र्याच्या अलीकडे. त्या उतरल्या नाहीत.

(शेवटची पाटी)

टेली मानस, १४४१६. सरकारी हेल्पलाइन, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही. आणि कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांना एक विनंती. नॉर्मल लिहून झालं की त्याखाली आणखी एक ओळ लिहा, मानसोपचार विभागाच्या ओपीडीचा वार आणि वेळ.