थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो

श्रोतेहो, नमस्कार.

आवाज बसलेला वाटला तर समजून घ्या, काल संध्याकाळी सामना होता. मी प्राथमिक शाळेत मास्तर, आणि गेली सोळा वर्षं गावोगावच्या फुटबॉल स्पर्धांत रेफरी. आज बोलायचंय शिव्या खाण्याविषयी, आणि त्या खाऊन खाऊन मन उतरतं त्याविषयी.

१८८३ साली फादर लायन्स यांनी शिवोलीत फुटबॉल आणला असं आपण सांगतो. तेव्हापासून गोव्यात प्रत्येक माणूस जन्मतःच रेफरी. शिट्टी तेवढी एकाकडे.

तर गोष्ट पेडणे तालुक्यातली. गावाचं नाव घेत नाही, मला पुन्हा तिथंच जायचंय. भात कापून झालेलं शेत, त्यात चुन्याच्या रेघा, दोन बाजूंना मेरा, मेरांवर माणसं. अंतिम सामना पाचचा. प्रमुख पाहुणे आले पावणेसहाला. आता हे एकदा बोलूनच टाकतो. पाहुण्यांनी बक्षिसाला यावं, सामन्याआधी कशाला? दोन्ही संघ रांगेत उभे, एकेकाचा हात हातात, फोटो, शाल, नारळ, भाषण, आणि शेवटची दहा मिनिटं काळोखात चेंडू शोधायचा तो रेफरीने. जत्रेतल्या नाटकाचंही तेच, सत्कार आटपून पडदा वर जातो तेव्हा पोरं झोपलेली असतात. असो.

शून्य-शून्य. संपायला चार मिनिटं. उजवीकडून थ्रो-इन, म्हणजे रेषेबाहेर गेलेला चेंडू हाताने आत टाकायचा. बचावाची पोरं पुढे चढलेली, आणि समोरच्यांचा एक लुकडा पोरगा मागे एकटाच, गोलकीपरशी गप्पा मारायला आल्यासारखा उभा. थ्रो थेट त्याच्या छातीवर. त्याने चेंडू खाली घेतला आणि गोल. मी शिट्टी वाजवून मध्यरेषेकडे हात दाखवला.

‘ऑफसाइड!’ सगळं शेत ओरडलं. म्हणजे पोरगा बचावाच्या मागे आधीच जाऊन उभा होता, गोल बाद करा. लाउडस्पीकरवरच्या समालोचकानेही ठोकून दिलं, ‘रेफरीच्या लक्षात आलेलं दिसत नाही.’

श्रोतेहो, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. पुन्हा सांगतो, थेट थ्रो-इनवरून आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो. कॉर्नर किकला नसतो, गोल किकलाही नसतो. अकराव्या नियमात लिहिलंय. पण त्या वेळी नियम वाचायला कोण बसलंय?

माझा काळा शर्ट बघून कुणीतरी ‘संकासुरा!’ अशी हाक मारली. ती मला आवडली, दशावतारात संकासुराला निदान टाळ्या तरी पडतात. पण मग गाडी माझ्या आईवर आली. ते शब्द आकाशवाणीवर चालायचे नाहीत. सगळ्यांत मोठा आवाज नाक्यावरच्या पंक्चरवाल्याचा. मेरेवर माझ्या चौथीतली तीन पोरं बसली होती. एकाच्या हातात चण्यांची पुडी. त्याचं खाणं थांबलं होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता, पंक्चरवाल्याच्या तोंडाकडे बघत होता.

सामना संपवून बाहेर आलो तर स्कूटरच्या दोन्ही चाकांत हवा नाही. ढकलत निघालो. दोन किलोमीटरवर नाका, नाक्यावर पंक्चरचं एकच दुकान. म्हणजे तोच.

त्याने शटर अर्धं वर केलं, कॉम्प्रेसर चालू केला. हवा भरता भरता शिव्या सुरूच, फक्त आवाज खाली. मी म्हटलं, बाबा, थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो. त्याने पान्याने मातीत शेत काढलं. दोन नट म्हणजे बचावपटू, एक वॉशर म्हणजे तो लुकडा. मी समजावलं, वॉशर इकडे, वॉशर तिकडे. तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, ‘हो नेम कोणें केलो?’ म्हटलं, मी नाही. ‘मग नेमूच चुकीचो,’ असं म्हणून त्याने वीस रुपये घेतले. दोन चाकांचे.

हे सांगताना आज हसू येतं. त्या सोमवारी हजेरी घेताना ती तीन पोरं मान वर करेनात, तेव्हा नव्हतं आलं. दोन महिने शिट्टी दारामागच्या खिळ्याला. फोन आला की माझा गुडघा दुखायचा.

मग एक ज्येष्ठ रेफरी घरी आले. धीर वगैरे काही दिला नाही. म्हणाले, रविवारी माझ्याबरोबर लाइनवर ये. गेलो, बावटा हलवला. परतताना गाड्यावर रस-ऑम्लेट खाता खाता त्यांनी माझ्या दोन चुका दाखवल्या. एकदा मी चेंडूच्या मागे राहिलो होतो, एकदा बावटा घाईने वर केला होता. मला इतकं बरं वाटलं! सोळा वर्षांत शिव्या देणारे शेकडो, पण चूक नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. म्हणून नव्या पोरांना सांगतो, एकटे जाऊ नका. सामन्याला एकटे जाऊ नका, सामन्याहून एकटे येऊ नका.

बाकीचं थोडक्यात. बोलायचं ते कॅप्टनशी. कुरकुरीला पिवळं कार्ड, म्हणजे ताकीद, शिवीला थेट लाल, म्हणजे मैदानाबाहेर, वाद घालत बसायचं नाही. २०१९ पासून कोचलाही कार्ड दाखवता येतं. प्रेक्षकांना कार्ड नाही, पण सामना थांबवायचा अधिकार पाचव्या नियमाने तुम्हाला दिलाय, तो आयोजकांना नाणेफेकीआधीच आठवण करून द्या. आणि अहवाल त्याच रात्री, शिवी जशीच्या तशी लिहून. लिहिताना हात थरथरतो, पण मग झोप लागते.

ही कार्डं आली तीही अशाच एका माणसामुळे. १९६२ च्या विश्वचषकात चिली-इटली सामन्यात इंग्लिश रेफरी केन ॲस्टन यांनी बाहेर काढलेला खेळाडू जाईना, पोलीस बोलवावे लागले. पुढे लंडनमध्ये सिग्नलचे दिवे बघून त्यांनाच पिवळ्या-लाल कार्डांची कल्पना सुचली, आणि १९७० मध्ये मेक्सिकोत कार्डं खिशात आली.

येत्या रविवारी त्याच शेतात सामना आहे. आम्ही तिघे मिळून जाणार आहोत. स्कूटर मात्र मी देवळाकडे लावणार.

नमस्कार.